उषवदात

उषवदात (संस्कृत रूप ऋषभदत्त, कार्ले येथील लेखात उसभदात) हा क्षहरात घराण्यातील क्षत्रप राजा नहपान याचा जावई होता. नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावरील, म्हणजे आजच्या पांडवलेण्यांतील, क्रमांक १० चे लेणे त्याने कोरवून बौद्ध भिक्षुसंघाला दिले. या लेण्यातील आणि कार्ले येथील कोरीव लेखांतून त्याचे कुटुंब, त्याची दाने, आर्थिक व्यवहार आणि एक लष्करी मोहीम यांची माहिती मिळते. तो राजा नव्हता आणि आपल्या लेखांत त्याने कोणतेही शासकीय पद सांगितलेले नाही. तरीही प्राचीन महाराष्ट्रातील ज्यांच्याविषयी इतका तपशील उपलब्ध आहे, अशा व्यक्ती फार थोड्या आहेत. कुळाने परका असलेला सत्ताधारी दानाच्या बळावर स्थानिक समाजात मान कसा मिळवतो आणि सत्ता गेल्यावर त्यातले काय उरते, याचे उषवदात हे महाराष्ट्रातील सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे.

काळ

नहपानाच्या राजवटीतील लेखांत ४१ ते ४६ ही वर्षे येतात. ती शक संवताची मानल्यास त्यांचा काळ इ.स. ११९ ते १२४ असा येतो. हे मत दीर्घकाळ रूढ होते. दुसऱ्या मतानुसार ही वर्षे नहपानाची राज्यवर्षे असून तो इ.स.च्या पहिल्या शतकात होऊन गेला. या मताचा मुख्य आधार म्हणजे ग्रीक भाषेत लिहिलेला पेरिप्लस हा व्यापारी मार्गदर्शक ग्रंथ. त्यात भरुकच्छ (भडोच) बंदराच्या प्रदेशातील राजाचे नाव मांबानोस असे दिले असून तो नहपानच असावा, असे मानतात. दोन्ही मतांनुसार उषवदाताचा काळ रोमन साम्राज्याच्या भरभराटीचा काळ ठरतो. भूमध्य समुद्राकडून येणारा माल त्या वेळी पश्चिम किनाऱ्यावर उतरत होता आणि पैठण व तेर येथील माल घाटरस्त्यांनी बंदरांकडे जात होता. नाशिकचा प्रदेश देश आणि किनारा यांना जोडणाऱ्या या रस्त्यांवर होता.

नाव आणि कुळ

नाशिकच्या लेखांत उषवदाताची ओळख ठरावीक क्रमाने येते. आधी राजा क्षहरात क्षत्रप नहपान याचे नाव, मग त्याचा जावई, मग दिनीकाचा पुत्र आणि शेवटी स्वतःचे नाव. वडिलांच्या आधी सासऱ्याचे नाव यावे, यातच त्याच्या स्थानाचे स्वरूप दिसते. दिनीकाला लेखात कोणतीही पदवी नाही. उषवदाताकडे जी सत्ता होती, ती नात्याने आलेली होती, आणि ते त्याने कधी लपवलेले नाही. नहपानाच्या राज्याच्या दक्षिण भागाचा कारभार त्याच्याकडे असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. परंतु त्याचे अनुमान त्याच्या दानांच्या विस्तारावरून आणि मोहिमेच्या वर्णनावरूनच करावे लागते.

एका खंडित लेखात त्याला शक म्हटले आहे. शक हे मध्य आशियातून इराणच्या पूर्व भागातून आणि सिंधमार्गे भारतात आलेले लोक होते. या कुटुंबाची नावे एका ओळीत ठेवून पाहिली, तर एका पिढीत झालेला बदल लक्षात येतो. नहपान आणि दिनीक ही नावे भारतीय नाहीत. उषवदात आणि त्याची पत्नी दक्षमित्रा ही नावे पूर्णपणे भारतीय आहेत. मात्र त्याने गोत्र सांगितलेले नाही. याउलट नहपानाचा अमात्य अयम हा जुन्नर येथील वर्ष ४६ च्या लेखात आपले वत्स गोत्र सांगतो, आणि सातवाहन राजे तर आईच्या गोत्रनामावरून गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशीच ओळख देतात. ज्या समाजात गोत्राने माणसाची जागा ठरत होती, त्यात राजाच्या जावयाला ती सोय नव्हती. त्याच्या दानांची यादी वाचताना ही उणीव ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

गोवर्धन आणि तेथील समाज

लेखांतील गोवर्धन हे नगर म्हणजे नाशिकच्या पश्चिमेस गोदावरीकाठी असलेले आजचे गोवर्धन गाव, असे मानले जाते. त्या काळी ते एका आहाराचे, म्हणजे प्रशासकीय विभागाचे, मुख्य ठिकाण होते. तेथे निगमसभा ही नागरिकांची सभा होती, विणकरांच्या किमान दोन श्रेणी होत्या आणि व्यवहारांची नोंद ठेवण्याची व्यवस्था होती.

या समाजातील मानाची उतरंड पांडवलेण्यांच्या दात्यांवरून बरीचशी कळते. येथील एक प्राचीन लेणे सातवाहन राजा कृष्ण याच्या काळात नाशिकच्या महामात्राने कोरवले. महासेनापतीच्या पत्नीचा लेख येथे आहे. उत्तरेकडील दत्तामित्री येथून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने क्रमांक १७ चे लेणे दिले आहे. क्रमांक ८ च्या लेण्यातील दाता मुगूदास हा दासक, म्हणजे बहुधा मासेमारी करणारा, असून त्याने आपल्या परिवारासह दान दिले आहे. लेणे कोरवण्यास जातीची अट नव्हती, खर्चाची होती. मात्र प्रत्येक दाता आपण कोण, कोणाचा मुलगा, कोणत्या गावचा आणि काय काम करणारा, हे आवर्जून सांगतो. डोंगर एकच असला तरी त्यावर प्रत्येकाने आपापला दर्जा कोरून ठेवला आहे.

लेणे क्रमांक १०

उषवदाताचे लेणे या समूहातील सर्वांत देखण्या विहारांपैकी एक आहे. दर्शनी बाजूच्या स्तंभांवर घंटेच्या आकाराची शीर्षे असून त्यांवर पशूंच्या जोड्या आहेत. आतील प्रशस्त दालनाभोवती भिक्षूंसाठी १६ खोल्या आहेत. बाहेर पाण्याची टाकी खोदलेली असून लेखात त्यांना पोढी हा शब्द वापरला आहे. ओसरीच्या दोन टोकांच्या खोल्या दक्षमित्रेने दिल्या आणि तसे लेख त्यांच्या दारांवर आहेत. तिची ओळख नहपानाची मुलगी आणि उषवदाताची पत्नी अशी, म्हणजे पुन्हा नहपानापासूनच, सुरू होते. पत्नीच्या नावे स्वतंत्र दान आणि स्वतंत्र लेख असणे हे राजकन्या म्हणून तिच्याकडे स्वतःची मालमत्ता असल्याचे सुचवते.

तिने दिलेल्या खोलीसाठी लेखात ओवरक हा शब्द आला आहे. मराठीतील ओवरी तो हाच. लेणे हा शब्दही लेखातील लेण या शब्दापासून आला आहे, आणि व्याजाच्या दरात येणारे पायून हे रूप म्हणजे आजचे पाऊण. सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या शक सरदाराच्या हिशेबात मराठी वाचकाला ओळखीचे शब्द भेटतात, ते असे.

लेण्यातील मोठ्या लेखाची भाषा अभ्यासकांना विशेष महत्त्वाची वाटते. दानांची यादी संस्कृतला अगदी जवळ असलेल्या भाषेत आहे. पुढे मोहिमेचे वर्णन येते, तेथे भाषा प्राकृताकडे झुकते आणि तृतीय पुरुष सोडून उषवदात प्रथम पुरुषात बोलू लागतो. या प्रदेशातील सातवाहनांची राजभाषा प्राकृत होती. संस्कृतचा सार्वजनिक लेखांत वापर करण्यात बाहेरून आलेले शक राजे पुढे होते, हे काहीसे अनपेक्षित असले तरी पुढे गिरनारच्या रुद्रदामनाच्या लेखाने पक्के झालेले सत्य आहे. जन्माने जे मिळाले नव्हते, ते भाषेच्या मार्गाने मिळवण्याचा हा प्रयत्न होता, असे म्हणता येते.

दाने

मोठ्या लेखात नोंदलेली दाने प्रामुख्याने देव आणि ब्राह्मण यांना दिलेली आहेत. लेख बौद्ध लेण्यात आहे आणि तरीही त्याचा मोठा भाग ब्राह्मणांच्या दानांनी व्यापलेला आहे, ही गोष्ट प्रथम वाचणाऱ्याला चकित करते. त्यानुसार उषवदाताने तीन लाख गायी दान केल्या, बार्णासा (बनास) नदीवर सुवर्णदान करून घाट बांधला आणि देव व ब्राह्मण यांना १६ गावे दिली. तो दरवर्षी एक लाख ब्राह्मणांना भोजन घालत असे. प्रभास या तीर्थक्षेत्री त्याने आठ ब्राह्मणांच्या विवाहांची व्यवस्था केली. अशा लेखांत गायींचा आणि भोजनाचा आकडा सढळ हाताने लिहिण्याची प्रथा होती, त्यामुळे तो शब्दशः घेण्याचे कारण नाही.

प्रवाशांसाठी केलेल्या सोयींचे वर्णन मात्र नेमके आहे. भरुकच्छ, दशपूर (मंदसौर), गोवर्धन आणि शूर्पारक (सोपारा) येथे त्याने चौकोनी धर्मशाळा बांधल्या, तसेच विहिरी, तळी व बागा तयार केल्या. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहणुका या नद्यांवर त्याने नावांनी विनामूल्य उताराची सोय केली आणि त्यांच्या दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया उभारल्या. पारदा म्हणजे पार, दमणा म्हणजे दमणगंगा आणि दाहणुका म्हणजे डहाणूची खाडी. यादी नकाशावर मांडली, तर ती भडोचपासून सोपाऱ्यापर्यंतच्या किनारी रस्त्याची यादी ठरते. पावसाळ्यात हा रस्ता नद्यांनी तोडला जातो. धर्मकार्य म्हणून नोंदलेल्या या नावांचा व्यापाऱ्यांना आणि जकात घेणाऱ्या राजालाही तितकाच उपयोग होता.

याशिवाय नानंगोल गावातील ३२,००० नारळीची झाडे त्याने पिंडितकावड, गोवर्धन, सुवर्णमुख आणि शूर्पारकातील रामतीर्थ येथील चरक, म्हणजे भटकंती करणाऱ्या ब्राह्मण संन्यासी वा विद्यार्थी, यांच्या परिषदांना दिली. त्र्यंबक आणि पंचवटीमुळे नाशिकचे जे तीर्थस्वरूप पुढे प्रसिद्ध झाले, त्याच्या कितीतरी आधी या परिसरात ब्राह्मणांच्या संघटित परिषदा होत्या, हे या उल्लेखावरून कळते.

मालयांवरील मोहीम

लेखाच्या अखेरच्या भागात एका मोहिमेची हकिगत आहे. मालयांनी (मालव) उत्तमभद्रांच्या प्रमुखाला वेढा घातला होता. स्वामींच्या, म्हणजे नहपानाच्या, आज्ञेवरून उषवदात पावसाळ्यात त्याच्या सुटकेसाठी गेला. सैन्याच्या आगमनाचा गडगडाट ऐकूनच मालय पळाले आणि उत्तमभद्रांच्या हाती कैदी झाले. तेथून तो पुष्कर येथे गेला, स्नान केले आणि ३,००० गायी व एक गाव दान दिले. मोहिमेचे क्षेत्र आजच्या राजस्थानात येते.

युद्धाच्या हकिगतीत लढाईचे वर्णन जवळपास नाही, शत्रूचे किती लोक मारले हेही नाही. विजयाचे श्रेय घेताना आपण आज्ञेनुसार गेलो, हे उषवदात सर्वांत आधी सांगतो. पराक्रमाच्या जागीसुद्धा जावयाने आपली पायरी सोडलेली नाही.

शेताची खरेदी

याच लेखात शेवटी एक छोटी नोंद आहे. लेण्यात राहणाऱ्या चारी दिशांच्या भिक्षूंना अन्न मिळावे, म्हणून उषवदाताने वाराहीपुत्र अश्विभूती या ब्राह्मणाकडून ४,००० कार्षापणांना एक शेत विकत घेतले. ते शेत नगराच्या सीमेवर वायव्येस होते आणि अश्विभूतीच्या वडिलांच्या मालकीचे होते.

नहपानाच्या जावयाला गोवर्धनच्या सीमेवरील एका ब्राह्मणाचे शेत हवे होते. त्याने ते काढून घेतले नाही, किंमत देऊन विकत घेतले आणि किंमत, विकणाऱ्याचे नाव व पूर्वीची मालकी हे सारे दगडावर लिहिले. हा केवळ औदार्याचा भाग नव्हता. दान टिकायचे तर जमिनीवरील हक्क निर्विवाद असावा लागतो, आणि वडिलोपार्जित शेतावर इतरांचे दावे असू शकतात. सत्तेलाही स्थानिक हक्काची मर्यादा होती, हे या दोन-तीन ओळींतून दिसते. लेखातील सर्व दानांमध्ये ही नोंद सर्वांत कमी दिखाऊ आहे आणि इतिहासकारासाठी कदाचित सर्वांत मोलाची आहे.

अक्षयनीवी

वर्ष ४२ च्या वैशाख महिन्यातील लेखानुसार उषवदाताने लेणे चारी दिशांच्या भिक्षुसंघाला अर्पण केले आणि ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल कधीही न काढता केवळ व्याज वापरायची कायमची ठेव, स्थापन केली. ही रक्कम गोवर्धनातील कोलिकांच्या, म्हणजे विणकरांच्या, दोन श्रेणींकडे ठेवली. एकीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक या दराने, दुसरीकडे १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण या दराने.

हिशेब तंतोतंत जुळतो. २,००० वर दरमहा २० कार्षापण, वर्षाला २४०. वर्षावासात लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी. उरलेल्या १,००० चे वर्षाला ९० कार्षापण व्याज होई, ते किरकोळ गरजांसाठी होते. शिवाय कापूर आहारातील चिखलपद्र गावातील ८,००० नारळीची झाडेही दिली. हा सर्व व्यवहार निगमसभेत जाहीरपणे ऐकवला गेला आणि रीतीप्रमाणे नोंदणीच्या फलकांवर लिहिला गेला. दगडावरचा लेख ही त्या नोंदीची डोंगरावरील प्रत होय.

ठेवीसाठी विणकरांच्या श्रेणी का निवडल्या, हे लेखात सांगितलेले नाही; पण व्याज वस्त्रांसाठी आणि ठेव वस्त्रे विणणाऱ्यांकडे, ही सांगड उघड आहे. महत्त्वाची गोष्ट अशी की कायमच्या दानासाठी राजकोशापेक्षा श्रेणी अधिक भरवशाची मानली गेली. वर्णव्यवस्थेच्या उतरंडीत विणकराचे स्थान वरचे नव्हते. तरीही राजकुळातील माणसाची कीर्ती किती काळ टिकायची, हे त्यांच्या प्रामाणिकपणावर सोपवलेले होते.

याच लेखाला जोडून वर्ष ४१ व ४५ चा उल्लेख असलेली आणखी एक नोंद आहे. तीत देव आणि ब्राह्मण यांना दिलेले ७०,००० कार्षापण येतात. ३५ कार्षापणांस एक सुवर्ण या दराने ही रक्कम २,००० सुवर्णांइतकी होते. चांदीच्या आणि सोन्याच्या नाण्यांचा विनिमय दर सांगणारी ही भारतातील जुन्या नोंदींपैकी एक असल्यामुळे नाणेशास्त्रात तिचा वारंवार उल्लेख होतो. तुलनेसाठी, रोममध्ये त्या काळी सोन्याचा एक औरियस चांदीच्या २५ दिनारांबरोबर मोजला जाई.

रोमन दात्यांशी तुलना

रोमन साम्राज्यातही याच सुमारास दान आणि दर्जा यांचे नाते असेच घट्ट होते. तेथे दर्जा कायद्याने बांधलेला होता. अश्वारोही वर्गात येण्यासाठी ४ लाख आणि सिनेटच्या वर्गासाठी १० लाख सेस्टर्स इतकी मालमत्ता लागे. शहरातील स्नानगृहे, ग्रंथालये, मेजवान्या यांचा खर्च श्रीमंतांनी करावा आणि त्या बदल्यात शिलालेखात नाव कोरले जावे, ही सर्वमान्य रीत होती. सिनेटर धाकटा प्लिनी याने कोमम या आपल्या गावातील मुलांच्या पोषणासाठी ५ लाख सेस्टर्सची तरतूद केली. रोख रक्कम गावाच्या हाती दिली तर ती उडेल, या भीतीने त्याने जमीन गावाच्या नावे केली आणि वर्षाला ३०,००० सेस्टर्स खंडाने ती परत घेतली. मुद्दल सुरक्षित राहावे, ही चिंता प्लिनी आणि उषवदात या दोघांनाही होती. एकाने जमिनीचा मार्ग घेतला, दुसऱ्याने श्रेणीचा.

मात्र उषवदाताची खरी तुलना प्लिनीशी नव्हे, तर रोमन नगरांतील श्रीमंत मुक्तदासांशी करणे अधिक योग्य ठरेल. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसाला नगराचे अधिकारपद मिळत नसे. पण ऑगस्टालिस नावाच्या मंडळात शिरून, उत्सवांचा आणि बांधकामांचा खर्च करून त्याला मान मिळवता येई. उषवदाताच्या हाती सैन्य होते आणि मुक्तदासांकडे नव्हते, हा फरक मोठा आहे. तरीही जन्माने बंद असलेले दार पैशाने आणि सार्वजनिक कार्याने किलकिले करण्याची खटपट दोन्हीकडे सारखीच दिसते.

कार्ले

मावळातील कार्ले येथील चैत्यगृहातही उषवदाताचा लेख आहे. त्यात बार्णासेवरील घाट, गायी आणि १६ गावे यांची उजळणी करून, वलूरक येथील लेण्यांत वर्षावास करणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक गाव दिल्याची नोंद आहे. त्याच चैत्यगृहातील एका स्तंभावर धेनुकाकट येथील उसभदाताचा मुलगा मितदेवणक याचे दान नोंदलेले आहे. काही अभ्यासक त्याला याच उषवदाताचा मुलगा समजतात.

सत्तांतर

क्षहरातांची सत्ता सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने संपवली. नाशिकजवळ जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या चांदीच्या नाण्यांच्या साठ्यात नहपानाची १३,२५० नाणी होती आणि त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या चेहऱ्यावरच नव्या राजाची चिन्हे उमटलेली ही नाणी सत्तांतराचा सर्वांत बोलका पुरावा मानली जातात.

उषवदाताचा शेवटचा उल्लेख त्याच्या शत्रूच्या आज्ञापत्रात येतो. राज्यवर्ष १८ मध्ये गोवर्धनातील बेनाकटक येथील विजयी सैन्याच्या तळावरून गौतमीपुत्राने गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला आज्ञा केली, की अपरकाखडी गावातील जे शेत आजवर उषवदाताकडे होते, त्यातील २०० निवर्तने जमीन त्रिरश्मीवरील भिक्षूंना द्यावी. राजाच्या अधिकाऱ्यांनी त्या जमिनीत शिरू नये, तेथे मिठासाठी खणू नये, अशा सवलतीही दिल्या. ही आज्ञा क्रमांक ३ च्या लेण्यात कोरलेली आहे. मावळातही तेच घडले. उषवदाताने दिलेले करजिक गाव कार्ल्याच्या भिक्षूंना पुन्हा देणारी आज्ञा तेथे कोरलेली असून ती सामान्यतः गौतमीपुत्राची मानली जाते. भिक्षूंच्या ताब्यात गाव आधीही होते आणि नंतरही राहिले. बदलले ते दात्याचे नाव. जुन्या राजवटीचे दान तसेच चालू ठेवले, तर पुण्य आणि मान जुन्याच दात्याकडे जातो. नव्याने दिले, तर तो नव्या राजाचा होतो.

शेताची गोष्ट तेथे संपली नाही. राज्यवर्ष २४ मध्ये गौतमीपुत्र आणि राजमाता यांच्या नावे अमात्य श्यामक याला दुसरी आज्ञा गेली. काखडी गावातील शेत कसले जात नाही आणि गावही वसलेले नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरील राजाच्या जमिनीतून १०० निवर्तने द्यावीत, असा तिचा आशय आहे. युद्धानंतर गाव ओसाड पडले असावे, असा निष्कर्ष काही अभ्यासकांनी काढला आहे. आज्ञेने मालक बदलता आला, पण शेत कसायला माणसे लागतात.

गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिने नातू पुळुमावी याच्या राज्यवर्ष १९ मध्ये क्रमांक ३ चे लेणे भिक्षूंना अर्पण केले. तिच्या लेखात मुलाच्या कर्तृत्वाचे वर्णन करताना त्याने क्षहरातांचा निर्वंश केला, शक, यवन व पह्लव यांचा नाश केला, क्षत्रियांचा गर्व उतरवला आणि चार वर्णांचा संकर थांबवला, असे म्हटले आहे. दर्जाविषयीची ही भूमिका उषवदाताच्या लेखाच्या नेमकी विरुद्ध आहे. त्याने ब्राह्मणांना गावे आणि गायी देऊन जो मान जोडला होता, तो बलश्रीच्या लेखात जमेस धरलेला नाही. क्षहरात हे तेथे केवळ उच्छेद करायचे कुळ आहे. असे असूनही तिच्या लेण्याची रचना उषवदाताच्या लेण्यावरूनच घेतलेली आहे. स्तंभांची तीच शीर्षे, तशीच ओसरी, तसेच दालन, आणि १६ ऐवजी १८ खोल्या.

रोममध्ये सम्राट डोमिशियनचा इ.स. ९६ मध्ये खून झाल्यावर सिनेटने त्याचे नाव शिलालेखांवरून खोडण्याचा ठराव केला. नाशिकमध्ये तसे झाले नाही. नाण्यांवर पुन्हा ठसे मारणाऱ्या गौतमीपुत्राने उषवदाताच्या लेखांना छिन्नी लावली नाही. लेणे संघाच्या मालकीचे होते आणि लेख हा संघाच्या हक्काचा दस्तऐवज होता, हे त्याचे कारण असू शकते. त्याच लेण्याच्या अंगणात पुढे तिसऱ्या शतकात, आभीर राजा ईश्वरसेन याच्या वर्ष ९ मध्ये, विष्णुदत्ता नावाच्या एका शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी गोवर्धनातील श्रेणींकडे ठेव ठेवल्याचा लेख कोरवला. त्यांत कुलरिक, ओदयंत्रिक आणि तिलपिषक, म्हणजे कुंभार, जलयंत्रे करणारे आणि तेली, यांच्या श्रेणी येतात. तिचे वडील अग्निवर्मा हे शक होते. पती रेभिल आणि मुलगा विश्ववर्मा यांना गणपक ही पदवी आहे.

लेखांचे वाचन

नाशिकचे लेख एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अभ्यासले जाऊ लागले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १८७४ मध्ये त्यांची वाचने व भाषांतरे सादर केली. भगवानलाल इंद्रजी यांनी १८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटियरसाठी लेण्यांचे आणि लेखांचे सविस्तर वर्णन लिहिले, तर एमील सेनार यांची १९०५-०६ मधील आवृत्ती आजही प्रमाण समजली जाते. मराठीत वासुदेव विष्णु मिराशी यांनी सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांच्या लेखांचा संग्रह विवेचनासह प्रसिद्ध केला. लेणे क्रमांक १० मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या पांडवलेणी डोंगरावर असून पायऱ्या चढून तेथे जाता येते. उषवदाताचा मोठा लेख ओसरीच्या मागील भिंतीवर, छताखाली, लांब ओळींत कोरलेला आहे.